ऑस्ट्रेलियातली सरकारी शाळा आणि आपली मुलं: 'सरकारी म्हणजे फुकट' हे खरं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

बायकोला मेलबर्नच्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. कोर्सवर्क आहे, रिसर्च नाही. सत्र जुलै २०२६ ला सुरू होतं. मुख्य अर्जदार ती, मी आणि दोन मुलं डिपेंडंट, सगळे सबक्लास ५०० वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर. मोठा फेब्रुवारी २०१२ चा, आठवी झाली की जूनमध्ये नववीत जाईल, सेमी इंग्लिश. धाकटी डिसेंबर २०१७ ची, ती चौथीत जाईल.

इथल्या एजंटाचं म्हणणं, "शाळेचं टेन्शन घेऊ नका, तिकडे सरकारी शाळा फुकट असते." मी खोदून विचारलं तर म्हणाला, आधी व्हिसा तर येऊ द्या. हे वाक्य काही मला पचलं नाही, म्हणून हा धागा.

दुसरा प्रश्न थोरल्या बहिणीचा. तिच्या मुलाला दहावीनंतर एकट्याला सिडनीला पाठवायचा विचार चाललाय. भाऊजींचे चुलतभाऊ तिथे बरीच वर्षं आहेत, त्यांच्याकडे राहील म्हणे. हे जमतं का?

शाळा शोधण्यापासून डब्यापर्यंत जे माहीत असेल ते लिहा. आधीच धन्यवाद.

---

यारातीरी

एजंट बदला. हे पहिलं.

सरकारी शाळा फुकट असते ती नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या मुलांसाठी. बाकीच्यांचं सगळं आईवडील कोणत्या व्हिसावर आहेत आणि कोणत्या राज्यात आहेत यावर ठरतं. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय, त्यामुळे 'ऑस्ट्रेलियात असं असतं' अशी सुरुवात करणाऱ्या माणसाकडून सल्ला घेऊ नये.

तुमच्या बाबतीत: व्हिक्टोरिया (मेलबर्नचं राज्य), ५०० चे डिपेंडंट, पालक कोर्सवर्क मास्टर्सला. म्हणजे दोन्ही मुलांना फी लागणार. पालक पीएचडी किंवा रिसर्च मास्टर्सला असेल तर बऱ्याच राज्यांत सवलत किंवा माफी मिळते, पण तो रस्ता तुम्हाला बंद आहे. राज्याच्या शिक्षण खात्यात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग आहे, अर्ज तिथे करायचा आणि चालू वर्षाचा फीचा तक्ताही त्यांच्याच साइटवर बघायचा. प्राथमिक, सातवी ते दहावी आणि अकरावी-बारावी असे दर चढत जातात.

आता व्हिसाचं. १० मे २०२४ पासून पैसे दाखवायचे आकडे असे आहेत: विद्यार्थी २९,७१० डॉलर, जोडीदार १०,३९४, प्रत्येक मूल ४,४४९, आणि शाळेच्या वयाच्या प्रत्येक मुलामागे शिक्षणाचे १३,५०२ वेगळे. तुम्हा चौघांचे ७६,००६ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले. त्यावर बायकोची पहिल्या वर्षाची फी आणि विमानाची तिकिटं. रुपयांत नुसता हा भागच चाळीस लाखांच्या वर जातो. सरकारी शाळा फुकट असती तर व्हिसावाल्यांनी मुलामागे १३,५०२ कशाला मागितले असते, एवढा एकच प्रश्न त्या एजंटाला विचारा.

आणि मुलांना घेऊन आलात की शाळेत घालणं ऐच्छिक नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या शालेय वयाच्या मुलाची शिक्षणाची व्यवस्था करणं ही व्हिसाची अटच आहे, क्रमांक ८५१७.

---

गोदाकाठ

बापरे. बायकोच्या शिक्षणासाठी कर्ज मंजूर आहे, पण शाळेचे २७ हजार आमच्या हिशोबात नव्हतेच. मला तिथे काम करता येतं ना? की तेही नाही?

---

यारातीरी

येतं. मास्टर्स करणाऱ्याच्या जोडीदाराला तासांचं बंधन नाही. बंधन तुमच्या बायकोला, सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. पण तुमची तिथली कमाई व्हिसाच्या अर्जात दाखवता येत नाही, पैसे आधी हवेत.

---

पर्थचा पंत

सगळं व्हिसावर ठरतं याला +१. आम्ही ४८२ वर आलो, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेला कामाचा व्हिसा (डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव 'स्किल्स इन डिमांड' झालंय, नंबर तोच). पर्थला त्या व्हिसावर सरकारी शाळेला वर्षाला ४,००० डॉलर भरावे लागले. कुटुंबामागे हो, मुलामागे नाही. माझा मित्र त्याच व्हिसावर मेलबर्नला गेला, त्याला ट्यूशन फी शून्य. दुसरा सिडनीला, त्याला न्यू साउथ वेल्सने मुलागणिक बिल लावलं. तिघे एकाच कंपनीतले, एकाच हुद्द्यावरचे. नोकरीची ऑफर दोन राज्यांत असेल तर पगाराच्या आधी हे बघा.

न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्यांना शाळेत जाण्याआधी खात्याकडून एक परवानगीपत्र घ्यावं लागतं, त्याला 'ऑथॉरिटी टू एन्रोल' म्हणतात. ते हातात नसताना शाळेच्या ऑफिसात गेलं की गोड हसून परत पाठवतात. आणि आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गंमत अशी की पाचवीतल्या पोराचा अर्ज ज्या संस्थेकडे करायचा तिच्या नावात टेफ आहे, म्हणजे आपल्याकडच्या आयटीआयसारखं काहीतरी. घाबरू नका, पत्ता बरोबर असतो.

---

शंकेखोर

एक विचारू का? एवढे पैसे ओतून मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालायचं, जिथे सहावीपर्यंत धड पाढे पाठ करून घेत नाहीत. त्यापेक्षा वहिनी दोन वर्षं एकट्या जाऊन आल्या तर? मुलं आजीआजोबांपाशी नाशकात, शाळा चालू, खर्च निम्मा.

---

कांगारूच्या गावी

शंकेखोर, पाढ्यांचं तुमचं बरोबर आहे, बाकीचं नाही. मी मेलबर्नच्या पश्चिमेला एका सरकारी शाळेत वर्गसाहाय्यक आहे, आपली मुलं रोज बघते. तिसरीतली आपली पोरगी गुणाकारात सगळ्यांच्या पुढे असते आणि "तुला या गोष्टीबद्दल काय वाटतं ते लिही" म्हटलं की पेन्सिल चावत बसते. दोन टर्ममध्ये (वर्षात चार असतात) सावरते. आठ वर्षांच्या मुलीची चिंता करूच नका. चिंता करायची तर मोठ्याची करा.

तिथे मूल कुठल्या इयत्तेत बसवायचं ते मुख्यतः वयावर ठरतं. नाशकात काय पास झालाय त्यावर नाही. व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण झाली तर त्या वर्षी प्रेप, मग पहिली. (याच वर्गाला सिडनीत किंडरगार्टन, ॲडलेडला रिसेप्शन, पर्थला प्री-प्रायमरी आणि डार्विनला ट्रान्झिशन म्हणतात. तारखाही वेगळ्या, सिडनीत ३१ जुलै. राज्य बदललं की मुलाची इयत्ता बदलू शकते, हा छळ तिथले लोकही सोसतात.)

या हिशोबाने तुमची धाकटी २०२६ मध्ये तिसरीत. नाशकात ती चौथीत असणार, म्हणजे आजी म्हणेल पोरीला खाली बसवलं. बसवू द्या. मोठा मात्र २०२६ मध्ये नववीत, आणि तिथलं वर्ष जानेवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपतं. जुलैच्या मध्यावर तिसरी टर्म सुरू होते तेव्हा नववी अर्धी संपलेली असेल. तुमचा मुलगा आठवीची परीक्षा देऊन विमानात बसणार आणि उतरल्यावर अर्ध्या नववीत. वर्गाच्या मैत्र्या जमलेल्या, निवडीचे विषय ठरलेले.

पण खरी गोष्ट ही पण नाही. बोटं मोजा. २०२६ नववी, २०२७ दहावी, २०२८ अकरावी. वहिनींचं मास्टर्स २०२८ च्या मध्यावर संपतं. तेव्हा तो अकरावीच्या मधोमध असेल. व्हीसीई हा तिथला अकरावी-बारावीचा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम. तो अर्ध्यावर सोडून मुलगा नाशकात परतला तर त्याच्या हातात काय असेल? व्हिक्टोरियात दहावीला बोर्डाची परीक्षाच नसते. शाळेचं प्रगतिपुस्तक मिळतं, बस्स.

तुम्ही विचारलं फुकट आहे का. मी विचारते, दोन वर्षांनी हा मुलगा कुठे असणार आहे? ते ठरल्याशिवाय फीच्या तक्त्याला हात लावू नका.

---

गोदाकाठ

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं तिच्या कोर्सच्या तारखा बघत होतो, त्याच्या शाळेच्या नाही.

परत यायचं की तिथेच राहायचं हे खरंच ठरलेलं नाही. कोर्स झाल्यावर पोस्ट-स्टडी व्हिसा मिळतो असं ऐकलंय.

---

यारातीरी

त्याचा नंबर ४८५. मिळाला तर मुलगा तिथे बारावी करू शकेल, पण त्या व्हिसावर शाळेची फी किती आणि लागते की नाही ते त्या वेळच्या नियमांवर. दोन वर्षांत व्हिसाचे नियम किती बदलतात ते आम्ही २०२४ मध्ये पाहिलं. मार्चमध्ये जीटीई (मुक्काम तात्पुरताच आहे हे पटवून देण्याची अट) जाऊन 'जेन्युइन स्टुडंट' (खरोखर शिकायलाच येताय हे दाखवण्याची अट) आलं, मेमध्ये पैशांचे आकडे वाढले, जुलैत अर्जाची फी ७१० वरून १,६०० झाली आणि पुढच्या जुलैत २,०००. म्हणून ४८५ गृहीत धरून मुलाची दहावी सोडू नका.

---

भाऊ पारनेरकर

परत आलाच तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते की. आमच्या गावात किती जणांनी दिली.

---

कांगारूच्या गावी

भाऊ, १७ नंबर खाजगी विद्यार्थ्यांसाठी आहे खरा, पण त्यासाठी पोरगं महाराष्ट्रात हजर पाहिजे, फॉर्मच्या मुदती पाळल्या पाहिजेत, आणि सोळा वर्षांच्या मुलाने ऑस्ट्रेलियात अकरावी अर्धी करून येऊन पुन्हा दहावीचा इतिहास-भूगोल मराठीतून काढायचा. शक्य आहे. तुमच्या घरात कुणी करेल का, ते बघा.

परदेशातल्या बारावीसाठी भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता असते, त्यामुळे पूर्ण बारावी करून आलेल्याची वाट बऱ्यापैकी मळलेली आहे. अडकतो तो मधल्या वर्गातून परतणारा.

---

शंकेखोर

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना, मुलगा इथेच राहू दे.

---

कांगारूच्या गावी

तुम्ही दोन्ही मुलं म्हणत होता. मी म्हणतेय दोघांचा विचार वेगवेगळा करा.

---

वेंटीकर

गोदाकाठ, मी सिडनीहून (वेंटवर्थव्हिल, म्हणजे रविवारी भाजी घ्यायला गेलं की अर्धं ठाणे भेटतं). तुमच्या ताईंच्या मुलाबद्दल लिहितो, कारण ते प्रकरणच निराळं आहे.

तुमची मुलं डिपेंडंट. भाचा स्वतः मुख्य अर्जदार होणार. म्हणजे त्याच्या नावाने शाळेचं ऑफर लेटर, मग फी भरून सीओई (प्रवेश पक्का झाल्याचा दाखला), विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा, मेडिकल, बायोमेट्रिक, आणि आई-वडील दोघांच्या सहीचा १२२९ नंबरचा संमती अर्ज. शाळा निवडताना 'मला अमुक शाळा हवी' चालत नाही. परदेशी विद्यार्थी घेण्याची नोंद सरकारी रजिस्टरवर लागते (क्रिकॉस म्हणतात त्याला) आणि खात्याच्या यादीतल्या, जागा शिल्लक असलेल्या शाळांतून निवड. जेम्स रुससारख्या सिलेक्टिव्ह (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या) शाळांचं नाव ताईंनी ऐकलं असेल तर ते डोक्यातून काढा. त्यांचा प्रवेश नागरिक आणि कायम रहिवाशांच्या मुलांसाठी आहे.

वयाची अट: नववी सुरू करताना १७ च्या आत, दहावीला १८, अकरावीला १९, बारावीला २० च्या आत. आपल्याकडची दहावी झालेला मुलगा यात आरामात बसतो.

आता खरी मेख. १८ पूर्ण होईपर्यंत त्याची राहण्याची आणि देखभालीची जबाबदारी कुणीतरी अधिकृतपणे घ्यावी लागते. रस्ते तीन. आईवडिलांपैकी कुणी सोबत यायचं. किंवा २१ वर्षांवरच्या, चारित्र्य स्वच्छ असलेल्या, व्हिसा खात्याने मान्य केलेल्या नातेवाइकाकडे ठेवायचं (१५७एन हा फॉर्म). किंवा शाळेच्या व्यवस्थेतलं होमस्टे (तिथल्या एखाद्या कुटुंबात राहणं), त्यात शाळेकडून जबाबदारी घेतल्याचं सीएएडब्ल्यू नावाचं पत्र मिळतं.

दुसऱ्या रस्त्यात 'नातेवाईक' कोण हे कायद्याने ठरवून दिलंय. सख्खा भाऊ, बहीण, आजी, आजोबा, सख्खे काका, मामा, मावशी, आत्या आणि सावत्र नात्यातले तेच. तुमच्या भाऊजींचे चुलतभाऊ आपल्या दृष्टीने मुलाचे काकाच, त्यांच्या लग्नात भाचा मांडवभर धावला असेल. कायद्याच्या लेखी ते कुणीच नाहीत. त्यांच्याकडे ठेवायचं म्हटलं तर या रस्त्याने होणार नाही.

---

गोदाकाठ

ताईला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, मग मीच जाते त्याच्यासोबत. तिथे काहीतरी काम बघेन.

---

वेंटीकर

जाता येईल, ५९० म्हणजे स्टुडंट गार्डियन व्हिसा. पण त्यावर काम करता येत नाही. अजिबात नाही, घरबसल्या शिकवण्या पण नाहीत. इंग्रजीचा कोर्स करता येतो, आठवड्याला २० तासांपर्यंत, दुसरं काही शिकायचं तर तीन महिन्यांपुरतं. म्हणजे एका पगारात दोन घरं चालवायची, एक कोथरुडात किंवा जिथे असेल तिथे आणि एक सिडनीत. सिडनीचं घरभाडं दर आठवड्याला मोजतात, महिन्याला नाही. जाहिरातीतला आकडा वाचून ताई खूश होतील, त्यांना ते आधी सांगा.

---

निलाक्षी

मध्येच विचारते. आम्ही व्हिजिटर व्हिसावर बहिणीकडे मेलबर्नला जाणार आहोत. तिथे जाऊन शाळा बघून, आवडली तर तिथूनच मुलाचा स्टुडंट व्हिसा टाकला तर?

---

यारातीरी

१ जुलै २०२४ पासून बंद. व्हिजिटर व्हिसावर असताना देशातून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही, बाहेर यावं लागतं. व्हिजिटरवर तीन महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण तेवढ्यासाठी कुठली सरकारी शाळा घेईल का आणि किती आकारेल हे त्या शाळेला विचारा.

---

वेंटीकर

आणि ताईंच्या मुलासाठी आणखी एक. एकदा शाळा घेतली की पहिले सहा महिने बदलता येत नाही, पहिल्या शाळेने सोडलं तरच. त्यामुळे 'आधी कुठेतरी घुसू, मग चांगली बघू' हा आपला अकरावीच्या पहिल्या फेरीतला बाणा इथे चालवू नका. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली तर शाळेला ते सहसा सरकारला कळवावं लागतं. दिवाळीला तीन आठवडे घरी येणं विसरा, दिवाळी बहुतेकदा चौथ्या टर्मच्या ऐन मध्यात येते.

इंग्रजी कच्चं असेल तर थेट हायस्कुलात न बसवता आधी इंटेन्सिव्ह इंग्लिश सेंटरला काही टर्म घालतात. त्याची फी अर्थातच वेगळी.

---

ऐनवेळी

लसींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. (पेशाने डॉक्टर, मेलबर्न, सल्ला फुकट पण तुमच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दाखवाच.)

प्राथमिक शाळेत प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं प्रमाणपत्र मागतात, ते तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीतून, म्हणजे एआयआरमधून निघालेलं. आपल्याकडचं पिवळं-गुलाबी कार्ड शाळेच्या काउंटरवर दाखवून भागत नाही. ते घेऊन जीपीकडे जायचं, तो नोंदी चढवतो, मग प्रमाणपत्र निघतं. मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) नसलं तरी नोंद होते. कार्डावर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात फक्त 'बूस्टर' लिहिलं असेल तर निघायच्या आधी त्यांच्याकडून लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत लिहून, शिक्का मारून आणा. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, खाजगीत घेतली असेल तर तिचा कागद शोधून ठेवा, तिथे ती वेळापत्रकात आहे.

जन्मदाखला इंग्रजी-मराठी दोन्हीत असेल तर उत्तम. जुना ग्रामपंचायतीचा फक्त मराठीत असेल तर नवीन काढून घ्या, भाषांतर करत बसण्यापेक्षा सोपं पडतं. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी.

अवांतर: ओएसएचसी ही अक्षरं दोन जागी भेटतील. व्हिसाच्या कागदात तो परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा. शाळेच्या कागदात ती शाळेआधी-शाळेनंतरची पाळणाघरवजा सोय. आमच्या ओळखीतल्या एकाने "ओएसएचसी आहे का?" या शाळेच्या प्रश्नावर विम्याचं कार्ड पुढे केलं होतं.

---

कांगारूच्या गावी

ती दुसरी ओएसएचसी तुम्हाला लागणार, गोदाकाठ. शाळा साधारण नऊ ते साडेतीन. तुम्ही दोघं बाहेर असाल तर धाकटीला तिथे ठेवावं लागेल, आणि चाइल्ड केअर सबसिडी तुमच्या व्हिसावर मिळत नाही, पूर्ण दर पडतो. वर्षाला चार सुट्ट्या, त्यातली डिसेंबर-जानेवारीची लांबलचक. फीच्या हिशोबात हे धरा, शाळेच्या फीपेक्षा हेच जास्त टोचतं असं आमच्याकडच्या आया सांगतात.

मोठ्याच्या इंग्रजीबद्दल. व्हीसीईत इंग्रजी सक्तीचं आहे, पण त्याचा ईएएल नावाचा एक प्रकार आहे, ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी. तो घ्यायचा तर तिथे येऊन सात वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत आणि शिक्षणाचं मुख्य माध्यम इंग्रजी असल्याची वर्षंही सातपेक्षा जास्त नसावीत. पूर्ण इंग्लिश मीडियमची आपली मुलं इथेच गळतात, घरात कितीही मराठी बोलू द्या. तुमचा मुलगा सेमीचा. कोणता विषय कुठल्या इयत्तेपासून कोणत्या भाषेत शिकवला, असं पत्र शाळेकडून इंग्रजीत घेऊन ठेवा. आत्ता मागितलंत तर क्लार्क देईल, चार वर्षांनी मेलबर्नहून फोन करून मिळणार नाही.

डबा: पोळीभाजी नेतात मुलं, कुणी नाक मुरडत नाही आता, आमच्या शाळेत तर पराठ्याला मागणी आहे. फक्त शेंगदाणे नकोत. ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर शाळा पत्र काढते, म्हणजे आपली चटणी आणि दाण्याचं कूट घातलेली भेंडी घरीच. उन्हाळ्याच्या टर्मना गोल काठाची टोपी. टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत सावलीत बसवतात, आणि आपली मुलं पहिल्या आठवड्यात तिथेच बसलेली असतात.

फोन: व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत २०२० पासून शाळेच्या वेळात बंद, लॉकरमध्ये. आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकवर खातं ठेवता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे विमानतळावर सांगू नका.

---

पर्थचा पंत

घर भाड्याने घेताना शाळेचा झोन बघायचा राहू नये. मेलबर्नमध्ये चांगल्या शाळांसाठी ग्लेन वेव्हर्ली, बॅल्विन, मॅकिनन ही नावं प्रत्येकजण सांगतो आणि तिथली भाडी ऐकून प्रत्येकजण टार्नीट-पॉइंट कुकला जातो. त्यात वाईट काही नाही.

---

यारातीरी

झोनमध्ये राहिलं की हक्काने प्रवेश हे स्थानिकांसाठी. फी भरणाऱ्याच्या बाबतीत शाळेत जागा आहे का हा प्रश्न उरतोच. त्यामुळे भाडेकरार सही करण्याआधी शाळेला ईमेल. उत्तर दोन-तीन दिवसांत येतं, सुट्टी चालू नसेल तर.

---

शंकेखोर

पाढ्यांवर कुणी बोललंच नाही.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कांगारूच्या गावी यांचे. चार दिवस घरात याच्यावरच चर्चा चाललीय.

एक: बायकोने विद्यापीठाला विचारलं, प्रवेश फेब्रुवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलता येतो. तसं केलं तर धाकटी वर्षाच्या पहिल्या दिवशी चौथीत बसेल.

दोन: मोठा. त्याला समोर बसवून तुमचे प्रतिसाद वाचायला दिले. त्याने इन्स्टाग्रामवाला भाग दोनदा वाचला. मग म्हणाला, मला दहावी इथेच करायचीय, मित्रांबरोबर. २०२८ च्या मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा. तोपर्यंत मी त्याच्यासोबत नाशकात राहायचं आणि बायको-मुलगी पुढे जायच्या, असं सध्या चाललंय. परीक्षेनंतर तो तिकडे गेला तर कुठल्या वर्गात बसेल?

तीन: ताईने भाच्याचा विचार बारावीनंतरवर ढकलला. भाऊजी चुलतभावावर उगाच चिडलेत, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

---

कांगारूच्या गावी

वयाने २०२८ ला त्याची अकरावी. पण एप्रिलमध्ये दुसऱ्या टर्मला पोचलात तर व्हीसीईच्या पहिल्या युनिटची (सहामाहीची) एक टर्म हुकलेली असेल, आणि अकरावीत मधून घ्यायला शाळा कुरकुरतात. दहावीत बसवा म्हणून विनंती करता येते, त्याच्या वयाला चालतं. मग दहावीचे उरलेले महिने भाषा आणि विषय निवडायला मिळतील. गणितात जनरल घ्यायचं की मेथड्स (वरच्या पातळीचं गणित) हे तेव्हा ठरतं, आणि इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी मेथड्स लागतं. बारावी मग २०३० ला.

मुलगी आधी गेली आणि मुलगा नंतर, तर दोघांचे व्हिसा वेगळे पडतील. पण वहिनींच्या पहिल्याच अर्जात तुम्हा दोघांची नावं कुटुंबातले सदस्य म्हणून लिहायची, सोबत जात नसलात तरी. तिथे नाव नसेल तर नंतर डिपेंडंट म्हणून जोडताना अडतं. एजंट कोण भरतोय अर्ज? तोच?

---

गोदाकाठ

नाही. त्याच्याकडून फाइल परत आणली काल. अर्ज आम्हीच भरतोय, आज रात्री नावांचा रकाना पहिला बघतो.